दम घेऊन येणारा नाद

फार वर्षं झाली त्याला. मोरदऱ्याच्या ओढ्यावर तेव्हा पूल नव्हता, आणि पूल बांधून देतो असं सांगणारंही अजून कोणी जन्माला आलं नव्हतं. त्या काळी गावात अनसा नावाची कुंभारीण होती. बोटाचं पेर मडक्यावर एकदा वाजवलं की त्याच्या पोटातलं तिला कळे. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर आत ओल नाहीतर चीर. असं म्हणतात, की ती बाजारात येऊन बसली की चिरकी मडकी आपणहून लाजून मागे सरकत. हे पाहिलेला माणूस सापडत नाही. ऐकलेले मात्र घरटी चार आहेत.

तिचा नवरा निवृत्ती माती तुडवी, चाक फिरवी. एका थंडीत त्याला खोकला झाला. तसा तो सगळ्यांनाच झाला होता, पण सगळ्यांचा गेला आणि याचा राहिला. दिवस कलला की अंगात बारीक ताप भरे. सकाळी वाकळ घामाने ओली निघे. भाकरी ताटात तशीच राही, आणि चाक फिरवणारे दंड काटकुळे झाले. गावात वैद्य नव्हता. कारण सांगणारे मात्र मुबलक होते. कोणी भट्टीचा धूर म्हणालं, कोणी करणी, कोणी सासुरवाडीचं पाणी. जो तो आपापल्या वैऱ्याकडे बोट दाखवी.

एका संध्याकाळी त्याच्या पाठीला तेल चोळता चोळता अनसाने सवयीने पेर वाजवलं. डावीकडे खणखणीत. उजवीकडे, खांद्याच्या खाली, बद्द. तिने पुन्हा वाजवलं. पुन्हा बद्द.

"काय गं, गिऱ्हाईक आलंय का?" निवृत्ती म्हणाला.

तिला हसू आलं नाही.

मग तिने जे केलं ते कुंभाराच्या घरातच सुचावं. कच्चं मडकं ओल असली की बद्द वाजतं. ते वाऱ्यात ठेवलं तर तडकतं; म्हणून आडोशाला, बंद खोलीत, हळूहळू सुकवायचं. अनसाने नवऱ्यालाही भट्टीलगतच्या खोलीत ठेवलं आणि खिडकीची भोकं मातीने लिंपून टाकली. वारा नाही, ऊन नाही. गावाने तिच्या शहाणपणाची तारीफ केली. खरं तर तिथेच तिने सावध व्हायला हवं होतं.

त्यांची मुलगी ठकू सहा वर्षांची. ती बापाच्या कुशीत शिरून गोष्टी ऐके. बाप खोके, गोष्ट थांबे, पुन्हा सुरू होई. चार महिने त्या कोंडलेल्या खोलीत तिघांनी एकच हवा आलटून पालटून घेतली. निवृत्तीच्या पाठीतली बद्द जागा पसरत गेली, आणि मग तिच्या मधोमध निराळाच आवाज आला, रिकाम्या रांजणासारखा पोकळ. त्याच दिवशी त्याच्या खोकल्यातून रक्त पडलं. माणूस आतून कोरला जातोय, हे अनसाला कळलं.

आणि मग ठकू खोकली.

अनसाने पोरीला मांडीवर पालथं घेतलं. पाठ ती केवढीशी! खांद्याखाली, उजवीकडेच, बद्द.

निवृत्तीने तो आवाज ऐकला. कुंभाराचा कान त्यालाही होताच. तो म्हणाला, "अनसे, भट्टीत एक मडकं फुटलं की त्याच्या खापऱ्या शेजारच्यांना लागतात. मला बाहेर काढ."

"मग मीबी येते."

"तू आलीस तर पोरीला वाजवून कोण बघंल?"

दुसऱ्या दिवशी निवृत्ती ओढ्यापलीकडे गेला. कड्याखाली त्याने झोपडी बांधली. जाताना सोबत एक मडकं नेलं. अनसा रोज भाकरी ओढ्यातल्या धोंड्यावर ठेवून मागे सरे. मग तो येऊन ती नेई. आणि रोज दिवस कलताना ती अलीकडच्या काठावर बसून मडकं वाजवी. पलीकडून तो वाजवी. आधी लगेच, मग जरा थांबून. पुढे पुढे तर एवढं थांबून, की अनसा स्वतःचाच श्वास धरून बसे. त्या थांबण्यावरून तिला कळे, आज त्याला किती दम लागलाय.

तो गेला त्याच दिवशी घरी येऊन तिने लिंपलेली खिडकी फोडली. खिडकीशेजारची भिंतही फोडली. ठकूला ती दिवसभर उन्हात ठेवी, शेळीचं दूध पाजी, रोज पाठ वाजवून पाही. गाव म्हणालं, बाई बिथरली. गावाने नावं ठेवली, तेव्हा तिला थोडा धीर आला.

वर्ष गेलं. एके दिवशी ठकूची पाठ खणखणीत वाजली. अनसा पोरीला कडेवर घेऊन ओढ्याकडे धावली आणि मडकं वाजवलं. पलीकडून काही आलं नाही. ती वाट पाहत राहिली. धोंड्यावर कालची भाकरी तशीच होती.

पण असं म्हणतात, की अगदी अंधारून येताना पलीकडून नाद आला. एकच. शिकलेली माणसं सांगतात, तो कड्यावरून परतलेला प्रतिध्वनी. असेलही. पण प्रतिध्वनी लगेच येतो. हा थांबून आला, दम घेऊन. अनसा पुढे तीस वर्षं रोज तिथे बसली, आणि रोज तो आला असं म्हणतात. त्या काळात गावातला जो जो खोकला, तो तो तिच्यापुढे पाठ करून बसला. बद्द वाजली की ती आधी खिडकी फोडायला लावी.

आता मोरदऱ्यात पूल झाला आहे, दोनदा वाहूनही गेला आहे. क्षयावर औषध आलं आहे. तरी तिथे खिडकीवाचून खोली बांधत नाहीत. खोकला दोन आठवडे टिकला की म्हातारी माणसं अजून म्हणतात, "जा, अनसाकडे जाऊन ये," आणि माणूस मुकाट सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून येतो. दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू पाहणाऱ्याला एकच उत्तर मिळतं: अजून मडकं मिळायचं नाही.

सगळ्या गोळ्या संपल्या, डॉक्टरांनी बरा झाला म्हटलं, की त्याच्या हाती नवं मडकं देतात. दिवस कलताना तो ओढ्याच्या काठी बसतो आणि ते एकदा वाजवतो. घरची माणसं मागे उभी असतात. सगळ्यांचे कान पलीकडे.

लगेच उठायचं नसतं. पलीकडच्याला दम लागतो.