उतारावर बघितलेलं तेल

“आक्का, तुम्हीच सांगा आता. किल्ली वैनीकडं ठेवायची का माझ्याकडं?”

दौलूनं हे मठाच्या पायरीवर उभं राहून विचारलं. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

चांगुणाआक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

आक्का म्हणजे घाटमाथ्यावरच्या त्या मठातल्या साध्वी. सत्तरी उलटलेली. अंगावर भगवं लुगडं आणि नखांत काळं वंगण. मठाची जीप तीस वर्षं त्याच चालवतात, बिघडली तर दुरुस्तही त्याच करतात. गुडघे दुखतात, तरी जीपखाली शिरायचं काही सोडत नाहीत.

“किल्ली माझ्याकडंच राहणार,” दौलूच्या मागून बायजा म्हणाली. “ते विचारायला आले नाही मी. मी गाडी नीट ठेवते का नाही, तेवढं आक्कांनी सांगावं.”

बायजा दौलूची थोरली भावजय. तिच्या नवऱ्याच्या, तातोबाच्या, दोन्ही किडन्या गेल्यात. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्याला डायलिसिसला तालुक्याला न्यावं लागतं. बत्तीस किलोमीटर. एसटी सकाळी एक जाते आणि अंधार पडल्यावर परत येते. रक्त धुऊन झालेल्या माणसाला स्टँडवरच्या बाकावर सात तास कसं बसवायचं? म्हणून बायजानं जुनी गाडी घेतली. चव्वेचाळिसाव्या वर्षी चालवायला शिकली. वाडीतले बाप्ये हसले. हसू देत म्हणाली.

परवा मंगळवारी चढावर तेलाचा लाल दिवा लागला. इंजिन खडखडलं. मागच्या सीटवर तातोबा आडवा होता.

घरी आल्याबरोबर दौलूनं हात पुढं केला होता. बाईच्या हातात गाडीचं वाटोळं झालं, किल्ली आणा, शुक्रवारी मी नेतो. बायजानं किल्ली पोलक्यात टाकली. दोन दिवस घरात तेच भांडण. शेवटी दोघांनी कबूल केलं, आक्का म्हणतील ते खरं.

आज गुरुवार होता.

“दौलू, तू नेशील?” आक्कांनी विचारलं.

“नेईन की. सख्खा भाऊ आहे माझा.”

“भाऊ गणपतीतही सख्खाच होता, भावजी,” बायजा म्हणाली. “मी गाडी शिकत होते तेव्हा दोन फेऱ्या चुकवल्या तुम्ही. एकदा झोप लागली, एकदा तालीम होती. माणूस सुजून भोपळा झाला होता. तोंडावर बोट दाबलं तर खड्डा पडत होता.”

“जुनं उकरून काढू नका, वैनी. प्रश्न गाडीचा आहे.”

“मग गाडीचंच बोला. गाडीला काय कमी केलं मी? रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी बॉनेट उघडते. पाणी बघते. तेलाची काठी ओढते, फडक्यानं पुसते, परत घालते, परत ओढते. वर्ष झालं. एक दिवस चुकला नाही. आणि एक दिवस तेल वरच्या खुणेच्या खाली आलं नाही.”

आक्कांनी सूप बाजूला ठेवलं.

“एक दिवस नाही?”

“एक दिवस नाही. आत्ता दाखवते.”

“दाखव.”

गाडी मठाबाहेरच्या उतारावर उभी होती. तोंड खाली, शेपूट वर. पुढच्या चाकाला दगड लावलेला. दगडाला हळदकुंकू.

“हा कोण देव?” आक्का म्हणाल्या.

“चाकाचा दगड आहे, आक्का. गाडीतच असतो. दसऱ्याला गाडीची पूजा होते, मग याचीही होते. आमच्या वाडीत सगळ्यांची अशीच पद्धत.”

बायजानं बॉनेट उघडलं. काठी ओढली, पुसली, घातली, पुन्हा ओढली. सगळं बरोबर केलं. सवयीचा हात होता.

तेल वरच्या खुणेला होतं. चांगलं केसभर वरच.

“बघा,” ती म्हणाली. आवाज चढला होता. “बघा भावजी, डोळे उघडून बघा. मी खोटं बोलते का?”

दौलू बघत राहिला.

आक्कांनी काठीकडं बघितलंच नाही. त्या चाकाच्या दगडाकडं बघत होत्या.

“गाडी अंगणात आण,” त्या म्हणाल्या.

“कशाला? दिसलं की आता.”

“आण म्हटलं ना.”

बायजानं दगड काढला आणि गाडी तशीच घरंगळत अंगणात घेतली. अंगण शेणानं सारवलेलं, सपाट. आक्कांनी लोट्यातलं थोडं पाणी जमिनीवर ओतलं. पाणी जागच्या जागी पसरलं, कुठंच धावलं नाही.

“बस आता.”

“किती वेळ?”

“तेल बसेपर्यंत.”

तिघं पायरीवर बसली. दौलूनं तंबाखू काढली आणि आक्कांकडं बघून परत खिशात घातली. बायजा पाय हलवत होती. एक चिमणी सुपातले तांदूळ खाऊन गेली.

…

“ओढ.”

बायजानं काठी ओढली. पुसली. घातली. पुन्हा ओढली.

काठी कोरडी होती. अगदी टोकाला काळा थेंब होता, खालच्या खुणेच्याही कितीतरी खाली.

तिनं परत पुसली. परत घातली. परत ओढली.

तोच थेंब.

दौलू उठला. “ह्या! वर्षभर रोज बघत होत्या म्हणे! काय बघत होत्या? आरशात तोंड? चढावर इंजिन बसलं असतं तर दादा गेला असता की रस्त्यावर!”

बायजानं काठी आक्कांपुढं धरली.

“आक्का,” ती म्हणाली, “ही काठी खोटं बोलते?”

“नाही.”

“मग मी खोटं बोलले?”

“नाही.”

“मग कोण?”

आक्कांनी अर्धा लोटा पाणी घेतलं आणि तिरपा धरला. पाणी एका काठाला आलं, सांडता सांडता राहिलं.

“इकडून बघ. भरलाय?”

“भरलाय.”

“दौलू, तू तिकडून बघ.”

“रिकामा आहे.”

आक्कांनी लोटा सरळ केला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

…

बायजानं गाडीकडं बघितलं, मग बाहेरच्या उताराकडं. वर्षभर गाडी घरच्या दारातल्या उतारावर, तोंड खाली करून. काठी पुढच्या अंगाला. जे काय तेल होतं ते सगळं रोज सकाळी पुढं येऊन काठीला भेटत होतं.

तिनं पोलक्यातून किल्ली काढली. दौलूपुढं धरली.

“घ्या भावजी. माझंच चुकलं.”

दौलूनं हात पुढं केला.

“थांब गं,” आक्का म्हणाल्या. “किल्ली का देतेस? चूक झाली म्हणून, का चूक ह्यानं बघितली म्हणून?”

किल्ली बायजाच्या आणि दौलूच्या मध्ये हवेत.

“वैनी, द्या की.”

“ती चूक घरात एकटीला दिसली असती,” आक्का म्हणाल्या, “तर काय केलं असतंस?”

“तेल घातलं असतं,” बायजा म्हणाली.

मग तिनं मूठ मिटली.

“नाही देत, भावजी.”

“अहो, आत्ता तर…”

“आत्ता देत होते. आता नाही देत. चुकलं ते माझं चुकलं, तुम्हाला कशाला देऊ?”

“आक्का, ह्या पलटल्या बघा!”

आक्का जीपच्या खोपटात गेल्या होत्या. तेलाचा डबा आणि नरसाळं घेऊन आल्या. डबा बायजाच्या पायाशी आपटला.

“जुनं इंजिन तेल पितं. एकदम ओतू नको. थोडं घाल, थांब, बघ. परत थोडं.”

बायजानं थोडं घातलं. थांबली. बघितलं. परत थोडं. चार वेळा असं झालं. चौथ्यांदा तेल दोन खुणांच्या मध्ये आलं आणि तिथंच राहिलं.

“आता चालू कर.”

“इथं?” बायजा म्हणाली. “इथं नाही होणार. ढकलायला लागेल. म्हणून तर आम्ही उतारावर लावतो. दगड काढला की गाडी पळते, गिअर टाकला की चालू. भावजींनीच शिकवलंय.”

“आमच्या आज्यापासून आहे हे,” दौलू म्हणाला. जरा छातीच पुढं काढली त्यानं. “उतारावर लावलेली गाडी कधी अडत नाही.”

“आज्याकडं गाडी होती?”

“…ट्रॅक्टर होता चुलत्याचा.”

“चालू कर,” आक्का म्हणाल्या.

बायजानं किल्ली फिरवली.

टक.

परत फिरवली. टक. त्यापुढं काही नाही.

“का होत नाही?”

“जुनी आहे, आक्का.”

“मीपण जुनी आहे. का होत नाही?”

असा प्रश्न वाडीत कुणी कुणाला विचारला नव्हता. गाडी चालू होत नाही म्हणून उतार शोधायचा, इतकंच ठाऊक होतं सगळ्यांना.

“बॅटरीकडं बघितलंस कधी?”

“ते… ते वायरीचं असतं. करंट बसतो म्हणतात. बाईमाणसानं हात लावू नये.”

“कोण म्हणतं?”

बायजानं दौलूकडं बघितलं. दौलूनं आभाळाकडं.

“दौलू, तू लावलास कधी हात?”

“…नाही.”

“आणि तू तर बाप्या.”

आक्कांनी तिला बोटानं दाखवलं. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी खपली चढली होती. चांगली बोटभर. तारेचं टोक त्यात बुडालं होतं.

“किल्ली काढ गाडीची. दहाचा पाना घे. काळी तार आधी, लाल मागनं. लावताना उलट. हातातली बांगडी मागं सार.”

बायजानं बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या. पहिला नट निघेना. तिनं दात आवळले. पाना घसरला, बोटाचं सालपट निघालं. तिनं बोट तोंडात घातलं नाही, लुगड्याला पुसलं आणि परत पाना लावला.

“द्या, मी काढतो,” दौलू म्हणाला.

“सरका बाजूला.”

नट निघाला.

आक्कांनी चुलीवरचं गरम पाणी आणलं, त्यात खायचा सोडा टाकला. जुना दातांचा ब्रश दिला. बायजानं पाणी टाकलं तसा फेस उसळला. ती दचकली, मागं झाली, परत पुढं आली. घासलं. पुसलं. कोरडं केलं. खालचं शिसं चकचकीत निघालं.

“हे होतं होय आत,” ती स्वतःशीच म्हणाली.

लाल आधी, काळी मागनं. नट आवळले. वरून व्हॅसलिनचं बोट फिरवलं. आक्का नुसत्या बघत होत्या. एकदाही हात लावला नाही.

बायजा गाडीत बसली. किल्ली फिरवायच्या आधी थांबली. डोळे मिटले.

“आता देवाचं नाव घेतेस? डोळे उघड आणि दिव्यांकडं बघ.”

बायजानं किल्ली फिरवली.

सपाट अंगणात, कुणी न ढकलता, गाडी चालू झाली. तेलाचा लाल दिवा एकदा लागला आणि विझला. तो विझलेलाच राहिला. खडखड नाही, काही नाही.

…

बायजा स्टिअरिंगला धरून बसून राहिली. रडली नाही. तोंड मात्र असं झालं होतं की दौलूनं दुसरीकडं बघितलं.

पण दौलू काही गप्प बसणाऱ्यातला नव्हता.

“ते झालं, आक्का. पण निकाल? तुम्ही म्हणाल ते खरं, असं ठरलंय आमचं. किल्ली कुणाकडं?”

“किल्ली कुठं आहे आत्ता?”

“गाडीला लावलीय.”

“गाडीत कोण बसलंय?”

“वैनी. पण तुम्ही तोंडानं बोला ना. उद्या वाडीत सांगायला पाहिजे, आक्कांनी असं असं सांगितलं म्हणून.”

आक्कांनी सूप उचललं आणि तांदूळ निवडायला लागल्या.

“आक्का?”

तांदळातून खडा निघाला. आक्कांनी तो अंगणात भिरकावला.

“भावजी,” बायजा गाडीतून म्हणाली, “आक्कांना कशाला त्रास देता? उद्या सकाळी सहाला मी ह्यांना घेऊन निघणार. यायचं तर मागं बसा, त्यांचं डोकं मांडीवर घ्यायला माणूस लागतं. नाही यायचं तर झोपा.”

“वाडीत काय सांगू?”

“सांगा, वैनीनं दिली नाही.”

दौलू चपला फटफटवत गाडीशी गेला आणि मागचं दार उघडून बसला.

बायजा खाली उतरली. गाडी चालूच ठेवली होती, बंद करायचा धीर अजून होत नव्हता. पदर खांद्यावरून घेतला. आक्का तोवर उठून गाडीपुढं आल्या होत्या, बॉनेट नीट बसलंय का ते दाबून बघत होत्या.

“आक्का,” ती म्हणाली. “तुम्ही नसता तर…”

आणि पाया पडायला वाकली.

आक्कांनी पाय मागं घेतले. बायजाचे हात जमिनीला टेकले, कपाळ चाकापाशी.

“वाकलीच आहेस,” आक्का म्हणाल्या, “तर ह्या चाकातली हवा बघ.”