जानू नाखव्याचा टप

खाडीकाठच्या एका गावात जानू नाखवा राहत होता. माणसांना होडीतून पैलतीरी न्यायचा. वारा सुटला की पुढून पाणी उडे आणि उतारू चिंब होत. जानू मनाचा मोठा चांगला. त्याने होडीच्या पुढच्या अंगाला कापडी टप बसवायचं ठरवलं.

होडी वाळूवर ओढलेली होती. जानूने जाड ताडपत्री आणली. खिडक्यांसाठी मात्र निळसर प्लास्टिक घेतलं, कारण ते काठावरून झकास दिसे. मग उभ्याउभ्याच त्याने खिडक्यांच्या जागा खडूने आखल्या.

त्याची बायको मथुरा म्हणाली, "जरा सुकानावर बसून बगा ना."

"बसाचा कशाला? डोले तेच ना!" जानू म्हणाला. भोवती जमलेले बघे हसले. त्यालाही बरं वाटलं. आखल्या जागी खिडक्या कापून त्याने टप बसवला.

पहिल्याच फेरीला होडी गच्च भरली. माणसं मागे बसली, तसं होडीचं तोंड वर उचललं गेलं. सुकाणावर बसलेल्या जानूला खिडक्यांतून नुसतं आभाळ दिसू लागलं, तेही धुरकट. पाणी दिसेचना. उभं राहिलं असतं तर टपावरून सगळं दिसलं असतं. पण मग टप चुकला हे सगळ्यांना कळलं असतं! उतारू तर कौतुक करत होते, "नाखवा, आज एक थेंब नाही अंगावर!" हसू नका, अशा वेळी तुमचीआमचीही जीभ टाळ्याला चिकटते. बिचारा जानू बसून राहिला.

"अवो, वलवा!" पुढून किंकाळी आली.

जानू ताडकन उठला. समोर, अगदी एका वल्ह्याएवढ्या अंतरावर, मथुरा होती. खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढून ती आपल्या लहान डोणीतून परतत होती. जानूने जीव खाऊन सुकाण फिरवलं, तरी धक्का लागलाच. डोणी उलटली आणि मथुरा पाण्यात पडली. उतारूंनी तिला वर ओढलं.

जानूला रडू फुटलं. "मना मगासपासून दिसत नवता," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "लाजलो न् बसून रायलो."

त्याने स्वतःच्या हाताने टप सोडला. सगळे भिजत घरी गेले, पण कोणी कुरकुरलं नाही.

पुढे जानूने स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिक आणलं. टपाचा नुसता सांगाडा उभा केला, होडी पाण्यात घेतली, माणसं मागे बसवली आणि स्वतः सुकाणावर बसला. मथुरा डोणी घेऊन समोर थांबली.

"दिसतंय काय?" तिने विचारलं.

"नाय. खडूच्या वर नुसता आभाल." सांगाड्याशी उभ्या उतारूने हातातला खडू खाली सरकवला. "अजून खाली... थांब. आता पुरी दिसतेस."

तिथेच ताडपत्रीत खिडकी कापली.

तात्पर्य: चूक कोणाच्याही हातून होते, पण लाजेपोटी ती झाकली, तर आपल्याच माणसाच्या जिवावर उठते.