गाभ्याची सहल

साताऱ्याकडच्या एका कॉलेजात घारपुरे सर भूगोलाचे प्रमुख होते. डोंगर स्वतः तुडवावा, नदीत स्वतः उतरावं, हा त्यांचा खाक्या. उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन वाचायला शिकवणारी शलाका तांडेल त्यांच्या डोळ्यांत खुपायची. एकदा भर बैठकीत ते प्राचार्यांना म्हणाले, "हा दूरसंवेदनाचा विषय बंद करा. आभाळातून डोकावून भूगोल येत नसतो. जिथे माझा पाय लागला नाही, तिथलं मी जन्मात शिकवलेलं नाही."

विषय गेला की शलाकाची नोकरीही जाणार. पण तिची जीभ गप्प बसेना.

"सर, पृथ्वीच्या अंतरंगाचा धडा तुम्हीच घेता ना?"

"मीच. दुसऱ्या कुणाला जमतो?"

"मग यंदाची सहल गाभ्यातच नेऊ या. वाट तुमच्या पायाखालची आहे."

प्राचार्यांना चहाचा ठसका लागला. सर सावरत म्हणाले, "ते भूकंपाच्या लाटांवरून कळतं."

"म्हणजे लांबूनच की," शलाका म्हणाली. "तुम्ही खाली न जाता सांगता, मी वर न जाता."

विषय राहिला. सरांनी अट घातली, की चित्रात दिसलेला ओढा मुलांनी चालत जाऊन पाहायचा. शलाकाने ती लगेच मान्य केली. ती मुलांना दरवर्षी नेतच होती, सरांनी फक्त कधी विचारलं नव्हतं.