पडून राहिलेली हौसा

सह्याद्रीत, घाट उतरून खाली आलं की डाव्या हाताला, एक लहानसं कॉलेज होतं. तिथे डोंगर शिकवत. दोर कसा बांधावा, वाट कशी ओळखावी, जंगलात पाणी कुठे शोधावं आणि सोबत आलेल्या माणसांना सुखरूप घरी कसं आणावं, हे मुलं तिथे शिकत. अभ्यास पुरा झाला की प्रत्येक तुकडीच्या नायकाची परीक्षा होई. जो पास होईल त्याच्या गळ्यात सर एक पितळी शिट्टी घालत. मग सुट्टीतल्या शिबिराला येणारी लहान मुलं त्याच्या भरवशावर डोंगरात पाठवत. शिट्टी मिळाली नाही, तर वर्ष पुन्हा.

त्या कॉलेजात हौसा नावाची मुलगी होती. अंगानं काटक, मनानं मऊ. ती एका तुकडीची नायक होती आणि तुकडीचा तिच्यावर फार जीव. असणारच. कुणाला सॅक जड झाली की हौसा ती आपल्या खांद्यावर घेई. कुणाचा तंबू वाऱ्यानं पडला की हौसा उठून उभा करी. चूल पेटेना, की हाक हौसाला. इरा नावाच्या मुलीला दोराची गाठ जमत नसे. तिची बोटं गोंधळली की हौसाचा जीव खालीवर होई. ती म्हणे, "आण इकडं, मी मारते." आणि मारून देई. सोपान तर स्वतःची सॅक भरायलाही तिच्यापुढे आणून ठेवी.

फिरोज थट्टा करी, "आमची हौसाताई म्हणजे दुसरी आईच. आता फक्त घास भरवायचा राहिलाय."

हौसा हसे. तिला ते आवडे, खोटं कशाला बोलावं.

वाघमोडे सर हे सगळं बघत. बोलत मात्र काही नसत.

परीक्षेच्या दिवशी सर दोन तुकड्या घेऊन पठारावर गेले. एक हौसाची आणि एक अभिराम नावाच्या मुलाची. सर म्हणाले, "आज तुकडीचा नायक पडलाय. डोक्याला मार बसलाय, शुद्ध नाही. त्यानं बोलायचं नाही, हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत. बाकीच्यांनी त्याला खाली ओढ्यावर आणायचं. कड्याची सावली ओढ्याच्या पाण्याला लागायच्या आत. मी उंबराखाली बसतो."

"आणि आमच्यावर लक्ष कोण ठेवणार, सर?" फिरोजनं विचारलं.

"तुमचं तुम्ही," सर म्हणाले आणि काठी टेकत उतरू लागले.

अभिरामची तुकडी एका वाटेनं गेली, हौसाची दुसऱ्या. हौसा एका सपाट कातळावर आडवी झाली. तिनं डोळे मिटले. मिटताना तिच्या मनात आलं, ही शिट्टी मिळाली नाही तर आणखी एक वर्ष. घरच्यांनी एवढं एकच वर्ष कसंबसं कबूल केलं होतं. पुढच्या वर्षाला ते हो म्हणायचे नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

मग नुसते आवाज येऊ लागले. वेळूच्या दोन काठ्या दगडावर आपटल्याचा आवाज. दोर उलगडल्याची सळसळ. आणि बराच वेळ काहीच नाही.

"आता काय करायचं?" सोपान म्हणाला.

"स्ट्रेचर बांधायचं," इरा म्हणाली.

"ते कळलं गं. बांधायचं कसं?"

काठ्या पुन्हा दगडावर आपटल्या. हौसाच्या बोटांना मुंग्या आल्यासारखं झालं. त्याच काठ्या, तोच दोर. तिनं बसल्या बसल्या ते काम उरकलं असतं. तेवढ्यात फिरोज तिच्या कानाशी वाकला.

"हौसे, ऐक ना. सर खाली आहेत. इथं काळं कुत्रंही नाही. ऊठ, पटकन गाठी मारून दे आणि परत पड. आम्ही कुणाला सांगत नाही."

हौसा निपचित.

"अगं, तुझीच शिट्टी जाईल. आमचं काय जातंय?"

हे मात्र खरं होतं. ते ऐकून तिचे डोळे उघडतच होते. पापणी हललीसुद्धा. पण त्याच वेळी तिला एक गोष्ट दिसली, मिटल्या डोळ्यांनी दिसावी तशी. आज हे खोटं आहे, म्हणून आपण उठू शकतो. खरं पडलो, तर? ही पाच माणसं अशीच उभी राहतील, हातात दोर धरून. आणि त्यांना असं उभं करून ठेवणारी दुसरी कुणी नाही, आपणच.

तिनं मनाशी ठरवलं. कुणाच्या जिवावर बेतलं तर उठायचं. नुसतं वेडंवाकडं चाललंय म्हणून उठायचं नाही.

"मेली वाटतं खरंच," फिरोज चिडून म्हणाला. "चला, बांधा काहीतरी."

त्यांनी काहीतरी बांधलं. हौसाला त्यावर घेतलं, उचललं, चार पावलं चालले आणि गाठ सुटली. हौसा हातभर खाली आदळली. कोपर कातळावर बसलं. कळ थेट डोक्यात गेली. तोंडातून शब्द निघायचा, तो तिनं दातांखाली धरला.

"लागलं का गं? हौसा? ए हौसा!"

कुणीतरी तिचा खांदा हलवू लागलं. तेवढ्यात एक आवाज आला, कधी न चढणारा.

"हलवू नका तिला! बाजूला व्हा."

इरा होती. तिनं गुडघे टेकले. तिची बोटं हौसाच्या नाकाशी आली, मग मानेवर, मग दुखऱ्या कोपरावर. हलकेच, जसं शिकवलं होतं तसं.

"श्वास चालू आहे. हात मोडलेला नाही," इरा म्हणाली. "सोपान, तुझा रुमाल दे. फिरोज, ती गाठ सगळी सोड. पहिल्यापासून बांधू."

"उशीर होईल, इरा."

"होऊ दे. पुन्हा पाडायचीय का हिला?"

मग काम सुरू झालं. हळू, चुकत, भांडत. फिरोज एक गाठ मारी, सोपान तिला लटकून बघी. सुटली की दोघं हसत आणि पुन्हा मारत. एकदा इरानं तीच गाठ तीन वेळा सोडायला लावली, तेव्हा फिरोज म्हणाला, "हौसा बरी होती बाबा, ओरडायची तरी नाही." आणि हौसाला हसू आवरणं कोपराच्या कळेपेक्षा अवघड गेलं.

ते निघाले. वाटेत पुरुषभर उंचीचा कातळटप्पा होता. तिथे स्ट्रेचर दोरानं खाली सोडायचं होतं. सोपाननं दोर झाडाच्या बुंध्याला वेढा देऊन स्वतःच्या कमरेशी घेतला. "मी धरलंय," तो म्हणाला. जो सॅकचं ओझं कधी नीट घेत नसे, तोच हे बोलत होता. "माझ्याकडून सुटणार नाही. तुम्ही सावकाश या."

हौसा हवेत लोंबकळत होती. दोर ताणल्याचा आवाज तिच्या डोक्याजवळून येत होता. त्या आवाजावरून तिला कळलं, ही गाठ आपली नव्हे. आपण अशी मारली नसती. पण गाठ धरून होती. स्ट्रेचर डुलत डुलत खाली टेकलं, आणि तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. ऊन तोंडावर होतं, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ओढ्यावर पोचले तेव्हा पाण्यावर सावली केव्हाच आली होती. अभिरामची तुकडी आधीच येऊन पाय धूत बसली होती. सरांनी हौसाला डोळे उघडायला सांगितलं. तिनं आधी पाणी पाहिलं, सावलीनं काळं झालेलं. मग मान खाली घातली.

सरांनी दोन्ही नायकांना समोर बोलावलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"उद्या तुझ्याबरोबर लहान मुलं आहेत आणि तूच पडलास, तर तुझी तुकडी त्या मुलांना घरी आणेल?"

अभिरामनं आपल्या तुकडीकडे पाहिलं, मग सरांकडे. पोरगं प्रामाणिक होतं.

"सांगता येत नाही, सर," तो म्हणाला. "मी वर पठारावरच उठलो होतो. गाठी मीच मारल्या."

सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हौसाकडे वळले.

"तू?"

"आणतील," हौसा म्हणाली.

"कशावरून?"

ती उत्तर शोधू लागली, तेवढ्यात फिरोज मधेच बोलला, "सर, मी सांगतो. ही मुलगी वरपासून खालपर्यंत मढ्यासारखी पडून होती. आम्ही पाया पडलो, शिव्या घातल्या, एकदा तर आपटलीसुद्धा. हूं की चूं नाही! मग काय, करावंच लागलं आम्हाला."

सगळे हसले. सर हसले नाहीत. ते स्ट्रेचरजवळ गेले आणि एकेक गाठ ओढून पाहू लागले. वेड्यावाकड्या होत्या. एकही सुटली नाही.

"उशीर झाला खरा," ते म्हणाले. "पण आणलं तुम्ही तिला."

त्यांनी शिट्टी हौसाच्या गळ्यात घातली. मग काठी उचलली आणि जाता जाता अभिरामला म्हणाले, "पुढच्या वर्षी ये. आणि उठू नकोस."

तात्पर्य: आपल्या माणसांचं प्रत्येक काम आपण करून टाकलं की त्यांना सुख होतं, पण ती कच्ची राहतात. त्यांची धडपड बघत जो स्वतःचे हात आवरून धरतो आणि त्यांना चुकत चुकत शिकू देतो, त्याच्यामागे निघालेली माणसं तो नसतानाही घरी पोचतात.