टिंबूचं विकलेलं दुपटं

ओढ्याच्या काठी एक करंज. करंजाच्या मुळाशी एक बीळ. बिळात राहायची एक चिचुंद्री. चिचुंद्री एवढीशी. तिचं पिल्लू त्याहून एवढंसं. पिल्लाचं नाव टिंबू.

आणि टिंबूचं दुपटं गेलं हो.

गेलं म्हणजे हरवलं नाही. वाऱ्याने उडालं नाही. ओढ्यात वाहून गेलं नाही. मग? आईनेच विकलं. आपल्या हाताने घडी घातली आणि देऊन टाकलं. आता काय म्हणावं या बाईला.

त्याचं असं झालं. चिचुंद्रीला शिवणाची भारी हौस. चिंधीला चिंधी जोडायची. टाक्यापुढे टाका घालायची. टुचुक टुचुक, टुचुक टुचुक. टिंबू जन्मायच्या आधी तिने एक दुपटं शिवलं. कशाचं? तिच्या आईच्या जुन्या लुगड्याचं. तान्ह्या बाळाला नवं कापड घालत नाहीत, बरं का. जुनंच घालतात. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. त्या दुपट्यात टिंबू निजायचा. नाक खुपसायचा. आईचा वास घ्यायचा. की मिटले डोळे.

चिचुंद्रीच्या वासाला सगळे नाकं मुरडतात. टिंबूला मात्र तोच वास हवा.

आता कावळ्याकडे होता मोबाइल. कुठून आणला, ते विचारू नका. मोबाइलवर त्याने बाजार मांडला होता. कोणी काही हाताने घडवलं की कावळा फोटो काढायचा. साऱ्या रानाला दाखवायचा. ज्याला आवडलं तो पत्त्यातल्यासारखा लाल बदाम पाठवायचा. टिंग.

एक दिवस कावळा बिळाशी आला. तुझंही काहीतरी दाखव म्हणाला. चिचुंद्रीने टिंबूच्या अंगावरचं दुपटं ओढलं. झटकलं. पसरलं. कावळ्याने फोटो काढला. खटक. आणि काय सांगू. टिंग टिंग टिंग टिंग. बदामच बदाम. चिचुंद्री हुरळून गेली. कावळ्याला म्हणाली, "हा फोटो सगळ्यांच्या वर लावा. मी सांगेपर्यंत काढायचा नाही."

फोटो पाहिला लाव्हीने. लाव्ही म्हणजे गवतातली गोल गोल पाखरीण. तिने दुपटं मागितलं. बदल्यात बाजरीचं कणीस देते म्हणाली. चिचुंद्रीच्या मनात आलं, टिंबूला काय, दुसरं शिवू. नवं कोरं. आणि दिलं की हो दुपटं.

दुसरं शिवलंही तिने. लालचुटुक. पण कोरं कापड ते. टोचलं. कुरकुर वाजलं. त्याला कोणाचाच वास नाही. टिंबू रडायला लागला. चुं चुं चुं. चिचुंद्रीने थोपटलं. चुं चुं चुं. अंगाई म्हटली. चुं चुं चुं. सकाळ गेली, दुपार झाली, टिंबू काही निजेना. डोळे लाल. नाक लाल. असं कसं केलं मी, असं कसं केलं.

तिने बाजरीचं कणीस उचललं. टिंबूने आईची शेपटी तोंडात धरली. चिचुंद्रीची पिल्लं अशीच चालतात. आई पुढे, टिंबू मागे. तुरु तुरु, तुरु तुरु.

गेली लाव्हीकडे.

"लाव्हीताई, लाव्हीताई, दुपटं दे. तुझं कणीस घे."

"का गं?"

"टिंबूला झोप येईना. चुकलं ते माझंच चुकलं."

लाव्हीने दुपट्यात अंडी ठेवली होती. ती म्हणाली, कणीस नको मला. माझी अंडी मी उघडी कुठे टाकू? टोपली आण. मग दुपटं देते.

आई पुढे, टिंबू मागे. तुरु तुरु, तुरु तुरु. गेली सुगरणीकडे. सुगरण झोके घेत विणत होती. सळ सळ, सळ सळ.

"सुगरणमावशी, सुगरणमावशी, टोपली दे."

"का गं?"

"लाव्ही दुपटं देईना,
टिंबूला झोप येईना.
चुकलं ते माझंच चुकलं."

सुगरण म्हणाली, टोपली देईन. पण काठ बांधायचा राहिलाय. काठ बांधला नाही तर टोपली उसवेल. दोरा आण. मग टोपली विणते.

आई पुढे, टिंबू मागे. तुरु तुरु, तुरु तुरु. गेली कोळ्याकडे. कोळी जाळ्यात बसला होता. आठ पाय आणि तोंड वाकडं.

"कोळीआजोबा, कोळीआजोबा, दोरा द्या."

"का गं?"

"सुगरण टोपली विणीना,
लाव्ही दुपटं देईना,
टिंबूला झोप येईना.
चुकलं ते माझंच चुकलं."

कोळी कुरकुरला. पोराचं पांघरूण कोणी विकतं होय, म्हणाला. चिचुंद्रीने मान खाली घातली. खरंच होतं ते. मग कोळी म्हणाला, उन्हाने दोरा कडक झालाय. कडक दोरा तुटतो. मडकं आण, त्यात पाणी आण. मग दोरा सोडतो.

आई पुढे, टिंबू मागे. तुरु तुरु, तुरु तुरु. गेली कुंभारीण माशीकडे. ही माशी मातीची मडकी करते. एवढी एवढी. तिळाला आंघोळ घालावी, एवढी. गुंईं गुंईं, गुंईं गुंईं.

"कुंभारीणकाकू, कुंभारीणकाकू, मडकं द्या."

"का गं?"

"कोळी दोरा सोडीना,
सुगरण टोपली विणीना,
लाव्ही दुपटं देईना,
टिंबूला झोप येईना.
चुकलं ते माझंच चुकलं."

कुंभारीण म्हणाली, अगं, माझी माती वाळून खडक झाली. ओली माती आण. मग मडकं घडवते.

टिंबूचे पाय दुखायला लागले. तरी शेपटी सोडली नाही त्याने. चिचुंद्री थांबली. त्याचं नाक चाटलं. त्याचं अंग तापल्यासारखं लागलं. झोप नाही ना मिळाली लेकराला. चिचुंद्रीला रडू आलं. पण रडत बसून भागतंय कुठे?

आई पुढे, टिंबू मागे. तुरु तुरु, तुरु तुरु. गेली खेकड्याकडे. खेकडा ओढ्याच्या ओल्या काठावर गोळ्या वळत होता. ओल्या मातीच्या गोल गोल गोळ्या. इकडून तिकडे, तिकडून इकडे. सरळ म्हणून चालायचा नाही. खुडुक खुडुक, खुडुक खुडुक.

"खेकडेमामा, खेकडेमामा, माती द्या."

"का गं?"

"कुंभारीण मडकं घडवीना,
कोळी दोरा सोडीना,
सुगरण टोपली विणीना,
लाव्ही दुपटं देईना,
टिंबूला झोप येईना.
चुकलं ते माझंच चुकलं."

खेकडा रुसला होता. म्हणाला, मीही हातानेच गोळ्या वळतो. कशा गुळगुळीत आहेत बघ. पण कावळ्याच्या बाजारात माझा फोटो सगळ्यांच्या खाली. तिथवर कोणी येतच नाही. एक बदाम नाही मला. माझा फोटो वर लावायला सांग. मग माती काढतो.

आई पुढे, टिंबू मागे. तुरु तुरु, तुरु तुरु. गेली कावळ्याकडे. कावळा मोबाइलवर चोच मारत होता. टक टक, टक टक.

"कावळेराव, कावळेराव, खेकडेमामांचा फोटो वर लावा."

"का गं?"

"खेकडा माती काढीना,
कुंभारीण मडकं घडवीना,
कोळी दोरा सोडीना,
सुगरण टोपली विणीना,
लाव्ही दुपटं देईना,
टिंबूला झोप येईना.
चुकलं ते माझंच चुकलं."

कावळ्याने मान तिरकी केली.

"लावतो की. पण वर जागा कुठे आहे? वर तुझ्याच दुपट्याचा फोटो. मी सांगेपर्यंत काढू नका, असं तूच म्हणाली होतीस."

घ्या. एवढी वणवण केली आणि गाडी येऊन अडली कुठे? आपल्याच दारात.

कावळ्याने मोबाइल पुढे केला. चिचुंद्रीचे डोळे बारीक. तिने अगदी नाक लावून पाहिलं. दुपटं कसं ऐटीत पसरलं होतं. खाली बदामच बदाम. आणि फोटोच्या कोपऱ्यात हे काय? एवढंसं काहीतरी. गोळा झालेलं. उघडंवाघडं. पाय पोटाशी घेतलेलं.

टिंबू होता तो.

त्या दिवशी त्याच्या अंगावरचं दुपटं तिने ओढलं होतं. तो थंड मातीवर तसाच पडून होता. साऱ्या रानाने तो फोटो पाहिला. चिचुंद्रीनेही रोज पाहिला. पण ती पाहायची बदाम. पोर कधी पाहिलंच नाही.

चिचुंद्री वळली. मागे टिंबू शेपटी धरून उभा. पेंगुळलेला. केविलवाणा.

"काढा तो फोटो," ती म्हणाली.

"बदामही जातील हं. सगळे."

"जाऊ देत."

चिचुंद्रीने डोळे मिटले. कावळ्याने चोच मारली. टक. फोटो गेला. बदाम गेले. वाईट वाटलं का तिला? वाटलं थोडं. खोटं कशाला बोला. एवढे टाके घातले होते तिने. पण त्याहून जास्त वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटत होतं.

मग काय झालं?

कावळ्याने फोटो लावला. टिंग.
खेकड्याने माती काढली. खुडुक खुडुक.
कुंभारणीने मडकं घडवलं. गुंईं गुंईं.
चिचुंद्रीने पाणी भरलं. डुबुक.
कोळ्याने दोरा सोडला. सर सर.
सुगरणीने टोपली विणली. सळ सळ.
लाव्हीने अंडी टोपलीत ठेवली. हळू हळू.
आणि लाव्हीने दुपटं दिलं.

कणीस तुझ्याकडेच राहू दे, असंही म्हणाली. मीही आईच होणार आहे, म्हणाली. चिचुंद्रीने कणीस तिच्या दाराशी ठेवलंच. दुपटं पाठीवर घेतलं. आई पुढे, टिंबू मागे. तुरु तुरु, तुरु तुरु. आली दोघं बिळात.

चिचुंद्रीने दुपटं अंथरलं. टिंबू धावला. नाक खुपसलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि मागे सरला.

चुं चुं चुं.

दुपट्याला वास येत होता लाव्हीचा. गवताचा. पिसांचा. आईचा वास त्यात राहिलाच नव्हता.

चिचुंद्रीनेही दुपटं हुंगलं. एवढं करून दुपटं आणलं, तर त्यातलं काय हरवलं होतं, ते आता कळलं. ते कुठे मागायला जाणार? ते ना लाव्हीकडे, ना सुगरणीकडे. कावळ्याच्या मोबाइलवर तर नाहीच नाही.

"टिंबू, माझं चुकलं रे बाळा," ती म्हणाली. या वेळी तिने ते दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही. ज्याला सांगायचं त्यालाच सांगितलं.

एवढंसं पिल्लू. त्याला काय कळणार? तो आला आणि आईच्या पोटाशी शिरला.

चिचुंद्री आडवी झाली. दुपटं दोघांवर ओढलं. सुई उचलली नाही. चिंध्या उचलल्या नाहीत. तशीच पडून राहिली. बाहेरून कावळा ओरडला. अगं, तसलंच दुपटं हवंय कोणाला तरी, म्हणाला. चिचुंद्री आतून म्हणाली, शिवेन हो, नव्या कापडाचं शिवेन. पण आज नाही. आज माझं पोर निजायचंय.

ऊन कलंडलं. दुपटं ऊबदार झालं. त्याला हळूहळू आईचा वास लागला. थोडासा. मग अजून थोडासा. टिंबूने नाक खुपसलं. एक चुं आली. तीही अर्धीच. आणि टिंबूचे डोळे मिटले.

चिचुंद्री मात्र जागी होती. त्याच्या नाकाकडे बघत होती. किती एवढंसं नाक.

टिंबू निजला, दुपट्यात शिरला. गोष्टीचा दोरा इथेच सरला.