खार, जांभूळ आणि डोहाची लाट

एका जंगलात नदीचा एक रुंद डोह होता आणि त्याच्या अलीकडच्या काठावर एक खार राहत असे. खार म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे शेपटी फुलवून तुरुतुरु पळणारी खार येते ना? ही मात्र तासन् तास पाण्याकडे बघत बसायची. गेल्या पावसाळ्यात पूर आला, तेव्हा हिची लेक ज्या फांदीवर बसली होती ती फांदीच मोडून पाण्यात पडली आणि गरगरत पलीकडच्या काठाकडे गेली. ती काठाला लागली की वाटेत बुडाली, हे त्या सरींत दिसलं नाही. तेव्हापासून खारीला एकच गोष्ट कळायला हवी होती : लेक आहे की नाही.

एवढा डोह पोहून जाणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. हाक मारावी, तर खारीचा आवाज तो केवढा! निम्म्या पाण्यातच विरून जाई. पलीकडे रोज उडत जाणाऱ्या खंड्या पक्ष्याला तिने हात जोडून विचारलं. त्याने थोडा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला की मला सगळ्या खारी सारख्याच दिसतात. मग तो आपल्या मासोळीच्या मागे लागला.

पुढे जांभळांचे दिवस आले आणि खारीला अगदी राहवेना. लेकीला जांभळं फार आवडत. तिने एक टपोरं जांभूळ पळसाच्या पानावर ठेवलं, पान पाण्यावर सोडलं आणि त्याच्या मागे पंजाने पाणी थापटलं. लाट उठली, पानाखालून गेली आणि दूर दूर सरकत राहिली. पान मात्र तिथेच वरखाली डोलत राहिलं. खारीने पुन्हा थापटलं. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तिने छोटं जांभूळ निवडलं, तिसऱ्या दिवशी त्याहून छोटं. आठ दिवस हा उद्योग चालला. शेवटी ती लाटेवरच चिडली आणि म्हणाली, “तू एवढी पलीकडे जातेस, मग माझं एक जांभूळ न्यायला तुला काय होतं?”

हे सारं एक म्हातारं कासव बघत होतं. कासवाला घाई कसली असते! आठ दिवस बघून झाल्यावर ते जवळ आलं.

“बाई, लाट काही नेत नसते गं,” ते म्हणालं. “पाणी आपल्या जागी वरखाली होतं. पुढे जातो तो नुसता हेलकावा.”

खारीला ते पटेना. तेव्हा कासवाने तिला लव्हाळ्यातलं कोळ्याचं जाळं दाखवलं. जाळ्याचा एक धागा हलवायला लावला. धागा जागच्या जागी आडवा थरथरला, पण पार त्या टोकाला बसलेल्या कोळ्याला खबर लागली आणि तो धावत आला. मग कासवाने मुंग्यांची दाटीवाटीची रांग दाखवली. मागच्या मुंगीने ढकललं की तिच्या पुढची पुढे कलायची, तिच्यामुळे त्यापुढची, आणि मुंग्या होत्या तिथेच असताना धक्का मात्र रांगेच्या तोंडाशी पोचायचा. आवाज असाच जातो, कासवाने सांगितलं. हवेतून जातो, पाण्यातून जातो, लाकडातून तर फारच छान जातो. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात धाग्यासारख्या आडव्या थरथरीला अवतरंग आणि मुंग्यांच्या धक्क्यासारख्या जातीला अनुतरंग अशी भारदस्त नावं आहेत. कासवाला ती ठाऊक नव्हती, पण त्यावाचून त्याचं काही अडलंही नव्हतं.

खारीने वर पाहून विचारलं, मग ऊन कसं येतं? मध्ये तर कुणाचीच रांग नाही. कासव म्हणालं की उजेडाची जातच निराळी, त्याला वाटेत काही नसलं तरी चालतं. “आपल्याला मात्र पाणी लागतं, लाकूड लागतं. तेवढं तुझ्याजवळ आहे. जांभूळ सोड. हेलकाव्याने नेता येईल असं काय आहे तुझ्याकडे?”

खारीला आपली जुनी खूण आठवली. पिलं ढोलीत असताना बाहेरून आली की ती खोडावर बी आपटायची : दोनदा, मग थांबून एकदा. म्हणजे पिलांनी घाबरू नये, आईच आहे. काठावर एक अर्जुनाचं झाड उन्मळून अर्धं पाण्यात पडलं होतं, म्हणजे ठोका लाकडातून पाण्यात आणि पाण्यातून पलीकडे जाणार. ती त्याच्या खोडावर गेली, एक टणक बी घेतलं आणि आपटलं. दोनदा. मग एकदा. मग चारही पाय लाकडाला टेकून वाट पाहिली. काही आलं नाही.

ती दुसऱ्या दिवशी आली, चौथ्या दिवशीही आली. जांभळं संपली, तरी ती येतच राहिली. आपण कुणासाठी ठोकतोय हेच कळेनासं होऊन कधी कधी तिला रडू फुटायचं. रडून झालं की ती पुन्हा ठोकायची.

एका सकाळी तिच्या पायांखालचं लाकूड हललं. अगदी बारीक. दोन ठोके, मग एक.

खारीने पोटही लाकडाला टेकवलं. तेवढ्यात आणखी ठोके आले. हे हलके होते, वेडेवाकडे होते. दोनाच्या जागी तीन, एकाच्या जागी चार. कुणीतरी इवल्या पंजांनी नुकतंच शिकत होतं, आणि ते एकटं नव्हतं : लेक आपल्या पिलांना आईची खूण शिकवत होती. त्यांना पोटाशी घ्यावं म्हणून तिचा जीव तुटला, पण मध्ये तो एवढा डोह होता. तिने डोळे पुसले, पाण्याच्या आणखी जवळ सरकली आणि पिलांना जमेल इतक्या सावकाश ठोकू लागली.

तात्पर्य : लाट वस्तू नेत नाही, हालचाल नेते, म्हणून जे तिला नेता येत नाही त्यासाठी लाटेवर रुसू नये, पोचू शकेल ते मात्र उत्तर येईपर्यंत पाठवत राहावं.