बंदूक आणि गादी

संस्थानाचे नाव सांगायला गेलो तर बहुधा चुकेन, म्हणून नुसती गोष्ट सांगतो. तिथल्या फौजेला नव्या रायफली हव्या होत्या. एका बड्या कंपनीचा एजंट आला आणि दाजीबा पांचाळही आला. दाजीबाचा कारखाना लहान. हे काम हुकले तर त्याला टाळेच लागणार होते.

महाराजांसमोर चाचणी सुरू झाली. एजंटाने आपला नामांकित नेमबाज आणला होता. तो मऊ गादीवर पालथा पडून नेम धरी आणि प्रत्येक गोळीनंतर एक नोकर नळी पुसून देई. सगळ्या गोळ्या मधोमध लागल्या. दाजीबाची रायफल मात्र पहाऱ्यावरच्या एका शिपायाने मातीत पडून, न पुसता चालवली. दोन गोळ्या हुकल्या.

सरलष्कर मानाजीराव मिशीवर ताव देत म्हणाले, "दाजीबा, तू आपल्या कढया घडव, कढया! बंदुका हे तुझं काम नव्हे."

"खरंय सरकार," दाजीबा हात जोडून म्हणाला. "मी नुसती बंदूकच विकतो. कंपनी दर बंदुकीमागे एक नेमबाज, एक नोकर आणि एक गादी देणार असेल, तर काम त्यांनाच द्या."

महाराज खो खो हसले. "शिपाई तोच, माती तीच. आता कंपनीची रायफल द्या त्याच्या हातात, आणि पुसायची नाही!"

तीन गोळ्या हुकल्या आणि चौथीला रायफलच अडकली.

काम दाजीबाला मिळाले. एजंट सामान बांधू लागला, तेव्हा महाराज म्हणाले, "गादी मात्र ठेवून जा. आमच्या सरलष्करांना लागेल."